पोटात पाणी होऊन गेलेली आत्या

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही, मजकूरही थोडा आटोपता घेतला आहे.

“ताई, मी ४७ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, शेक, सगळं पार पडलं. आता बरी आहे. केमो चालू असताना डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली. लॅबचा मुलगा वॉर्डात आला. फॉर्म इंग्रजीत होता, माझ्या हाताला सलाइन होतं, म्हणून ह्यांनीच बाहेर बाकावर बसून सह्या केल्या. रिपोर्टमध्ये ‘बीआरसीए-१’ जनुकात रोगकारक दोष आला आहे. त्याखाली आणखी एका जनुकातला बदल लिहिलाय. त्याच्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ आणि ‘एआय भाकीत : बहुधा हानिकारक’ असं आहे. माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, २१ वर्षांचा. त्यानं तो रिपोर्ट मोबाइलवर चॅटबॉटला दिला. उत्तर आलं, अंडाशय ताबडतोब काढून टाका, आणि बहिणीला ७२ टक्के धोका आहे. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

धाकटी बहीण कोल्हापूरला असते, ४३ वर्षांची. तिच्या मुलीची सुपारी फुटली आहे, फेब्रुवारीत लग्न. भाची २४ वर्षांची, बँकेत आहे. हे म्हणतात, आत्ता तोंड उघडायचं नाही, लग्न मोडलं तर जन्मभर आपल्याला बोल लावतील. आपल्याला कुठे मुलगी आहे, आपल्या घरापुरता विषय संपला. माझ्या आईकडे कॅन्सर कुणालाच नव्हता. वडिलांकडची एक आत्या तरुणपणी पोटात पाणी होऊन गेली, एवढंच. मी गप्प बसू का? आणि आता लॅबमधून फोन येतोय, तुमचा डेटा एआयच्या संशोधनासाठी वापरायचाय, होकार द्या म्हणून. देऊ का?”

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. गप्प बसू नका. बहिणीला सांगा, आणि लग्नाआधी सांगा.

तुमचं पत्र वाचताना मी त्या आत्यापाशी थांबले. कॅन्सरच्या रुग्णांचं समुपदेशन करताना मी शेकडो घरांच्या वंशावळी कागदावर काढल्या. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. कॅन्सर झालेल्याचा गोल किंवा चौकोन काळा भरायचा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची. “घरात कुणाला कॅन्सर होता का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “छे, कुणालाच नाही.” मग मी प्रश्न बदलायची. कोण कशानं गेलं आणि किती वर्षांचं होतं, असं विचारायची. तेव्हा हळूहळू बाहेर यायचं: काकी “गाठ पिकून” गेली, आजीचं “पोट फुगलं”, आत्याच्या “पोटात पाणी झालं”. पोटात पाणी होण्याची कारणं अनेक असतात, यकृताचे आजार असतात, क्षयही असतो. पण अंडाशयाचा कॅन्सरही पुष्कळदा असाच कळतो, पोट फुगल्यावर, उशिरा. बीआरसीए-१ मधला दोष स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवतो, म्हणून तुमच्या रिपोर्टशेजारी ती आत्या ठेवली की तिचा गोल मला निम्मा काळा दिसायला लागतो.

म्हणून “आईकडे कुणालाच नव्हता” यात दिलासा शोधू नका. हा जनुक १७व्या गुणसूत्रावर असतो आणि त्याची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. तुमचे वडील स्वतः धडधाकट राहून तो दोष तुमच्यापर्यंत पोहोचवू शकतात. तसं झालं असेल तर चुलत बहिणी आणि आत्येभावंडंही या कागदावर येतात. दोष नक्की कुठल्या बाजूनं आला, ते नातेवाइकांच्या चाचण्यांनंतरच ठरेल.

आणि तुमच्या यजमानांना हे वाक्य वाचून दाखवा: तुमच्या मुलाकडेही हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. मुलगा आहे म्हणून घरातला विषय संपत नाही. बीआरसीए-१ मुळे पुरुषांना होणारा धोका बायकांपेक्षा बराच कमी असतो, पण पौरुषग्रंथी, स्वादुपिंड, क्वचित स्तन यांच्या बाबतीत तो थोडा वाढलेला असतोच. पुढे त्याला मुलगी झाली तर तिच्यापर्यंत हे जाऊ शकतं. रात्र रात्र जागून आईचा रिपोर्ट वाचणाऱ्या त्या पोरानं मशीनला स्वतःबद्दल विचारलंच नाही. घाई अजिबात नाही, तो २१ वर्षांचा आहे. पण त्याला शेजारी बसवून हे तुम्ही सांगा.

आता बहीण. तुमच्या डॉक्टरांनी तिला फोन का केला नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, हा वैद्यकीचा जुना नियम आहे. तो मोडायचा कधी, यावर जगभर वाद चालू आहे. लंडनच्या उच्च न्यायालयात २०२० मध्ये अशा एका खटल्याचा निकाल लागला. वडिलांना हंटिंग्टन नावाचा आनुवंशिक मेंदूविकार, मुलगी गरोदर, आणि वडिलांनी डॉक्टरांना बजावलेलं की तिला सांगायचं नाही. तिला ते कळलं बाळंतपणानंतर, तेही चुकून. पुढे तिच्यातही तोच दोष निघाला. न्यायालय म्हणालं, रुग्णाची गुप्तता आणि मुलीचं हित दोन्ही तोलून पाहणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. पण डॉक्टरांनी ते तोललं होतं असं ठरलं आणि ती खटला हरली. कायदा इतका अडखळतो तिथे शेवटी भार रुग्णावरच येतो. तुमच्या घरात तो तुमच्यावर आहे.

लग्नाआधीच का? भाची २४ वर्षांची आहे. हा दोष असलेल्या बायकांच्या स्तनांची एमआरआय तपासणी साधारण पंचविशीपासून सुरू करावी, असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका सांगतात. मूल कधी, किती, याचे विचारही त्यानं बदलतात. तुमच्या बहिणीसाठी तर आजचा दिवसही उशिराचा आहे, ती ४३ वर्षांची आहे. अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाही. म्हणूनच या जनुकाच्या बाबतीत मुलं-बाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. “लग्न होऊन जाऊ दे, मग बघू” यातलं “मग” फार लांबतं. लग्नानंतर पहिला सण, मग डोहाळजेवण, मग बाळ लहान आहे. एका डे-केअर वॉर्डात दोन सख्ख्या बहिणी तीन खुर्च्यांच्या अंतरावर केमो घेताना मी पाहिल्या आहेत. मोठीला रिपोर्ट दीड वर्ष आधी मिळाला होता. धाकटीनं तिला एकदाच विचारलं, “तुला माहीत होतं?” त्यानंतर घरून आलेला डबासुद्धा दोघींनी वेगवेगळा उघडला.

पण सांगायचं काय, हे नीट ठरवा. “तुला कॅन्सर होणार” असं सांगायचं नाही. “माझ्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट निघाली आहे, ती तुझ्यातही असू शकते, नसूही शकते. तपासायची सोय आहे. तपासायचं की नाही, ते तू ठरव,” एवढंच. हे बहिणीला सांगायचं, भाचीला परस्पर नाही. बहिणीची चाचणी निगेटिव्ह आली तर तिच्या बाजूनं हा दोष भाचीकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही, पोरीला सुई टोचायचीही गरज नाही. तुमचा नेमका दोष आता माहीत आहे, म्हणून नातेवाइकांची फक्त तेवढीच एक जागा तपासतात. त्याला खर्चही पूर्ण तपासणीपेक्षा कमी येतो. तुमच्या रिपोर्टची प्रत मात्र बहिणीला द्यावी लागेल, त्याशिवाय लॅबला ती जागा कळणार नाही.

बहीण पॉझिटिव्ह आली तर भाचीला कळायला हवं. ती सज्ञान आहे. तपासून घ्यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. ठरलेल्या मुलाला ती काय सांगेल, तेही तिनंच. माझं मत विचाराल तर ज्याच्याबरोबर संसार करायचा त्याच्यापासून ही गोष्ट लपवू नये. पण ती दोघांनी एकमेकांशी बोलायची आहे. बैठकीत मांडायची नाही आणि व्याह्यांच्या फॅमिली ग्रुपवर तर नाहीच. तुमच्या यजमानांची भीती मी समजू शकते, आपल्याकडे मुलीचं लग्न कशावरूनही मोडतं. त्या भीतीचा इलाज एवढाच आहे की माहिती ज्यांची आहे त्यांच्यातच राहील याची काळजी घ्यायची.

आता चॅटबॉट. मुलाला रागावू नका. उत्तर देणारं कुणी नव्हतं म्हणून तो मशीनकडे गेला. अंडाशयाबद्दल चॅटबॉटनं जे सांगितलं ते सरसकट चुकीचंही नाही, तुमच्या वयाला तुमचे डॉक्टरही तोच विषय काढतील. पण केमोनंतर तुमची पाळी थांबली का, हाडं कशी आहेत, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. “ताबडतोब” हा शब्द त्यानं कशाच्या आधारावर लिहिला, असं विचारायला तुम्ही कुणाकडे जाणार? डॉक्टर चुकला तर त्याला नाव असतं, नोंदणी क्रमांक असतो.

बहिणीच्या ७२ टक्क्यांचं सांगते. बीआरसीए-१ चा रोगकारक दोष असलेल्या १०० बायका घेतल्या तर ७०-८० वर्षांच्या होईपर्यंत त्यांतल्या साधारण ५५ ते ७२ जणींना स्तनाचा आणि ३९ ते ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. मशीननं त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलला आणि चाचणीच न झालेल्या बाईच्या कपाळी मारला. तुमच्या बहिणीत हा दोष असण्याची शक्यताच आज निम्मी आहे. दोष निघाला, तरी तो आकडा आयुष्यभराचा आहे, उद्याचा नव्हे. आणि काही उपाय केलाच नाही तर काय, हे सांगणारा आहे. आणखी एक, त्या रिपोर्टवर तुमचं नाव, वय, केस नंबर होता. तो कुठे साठला, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी निदान नावाची पट्टी झाकून फोटो काढायला सांगा.

असं फक्त फुकटच्या चॅटबॉटचंच होतं असं नाही. आयबीएम कंपनीचा ‘वॉटसन’ कॅन्सरचे उपचार सुचवणार म्हणून जगभर गाजला, भारतातल्या रुग्णालयांतही आला. २०१८ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आलं की त्याला शिकवण्यासाठी खऱ्या रुग्णांऐवजी रचलेल्या केसेस वापरल्या होत्या आणि त्याच्या काही शिफारशी असुरक्षित होत्या. उलट स्वीडनमध्ये एक लाखाहून जास्त बायकांवर पद्धतशीर चाचणी घेतली. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे एक्स-रे, वाचताना एआयची मदत घेतली तर कॅन्सर जास्त सापडले आणि डॉक्टरांचं वाचनाचं काम चाळीस टक्क्यांहून अधिक हलकं झालं. तिथे शेवटचा शब्द माणसाचा होता आणि मशीनची आधी परीक्षा घेतली होती. मशीनला माझा विरोध नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून हे सांगितलं.

तुमच्या रिपोर्टमधली दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त सतावते, कारण ती तुम्हाला कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही. जनुक म्हणजे लांबलचक मजकूर. एखादं अक्षर बदललं की कधी अर्थच पालटतो, ‘दिन’चा ‘दीन’ होतो. कधी नुसतं शुद्धलेखन चुकतं, ‘आणि’ऐवजी कुणी ‘आणी’ लिहितो, वाचणाऱ्याचं काही अडत नाही. ‘अर्थ अनिश्चित’ म्हणजे तुमच्यातला बदल यांतला कुठला, हे आज सांगता येत नाही. असे बदल पुढे जेव्हा निकालात निघतात, तेव्हा त्यांतले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडनं ‘अल्फामिसेन्स’ नावाचा एआय आणला. त्यानं प्रथिनाच्या साखळीतली एकच कडी, म्हणजे एक अमिनो आम्ल, बदलणारे ७ कोटी १० लाख संभाव्य बदल तपासून त्यांतल्या ८९ टक्क्यांवर ‘बहुधा हानिकारक’ किंवा ‘बहुधा निरुपद्रवी’ असा शिक्का मारला. काम अफाट आहे, संशोधकांना उपयोगाचं आहे. पण रुग्णाच्या रिपोर्टचा निकाल लावताना जे नियम पाळतात, त्यांत संगणकाच्या भाकिताला सहायक पुरावा धरतात, एकट्याच्या जोरावर त्याला निकाल मानत नाहीत. तेव्हा त्या दुसऱ्या ओळीवरून कुठलंही ऑपरेशन ठरवू नका आणि ती ओळ बहिणीत शोधायला लावू नका. वर्षातून एकदा लॅबला विचारा, या बदलाचं वर्गीकरण बदललं का? ते आपणहून कळवतील या भरवशावर राहू नका.

ही अनिश्चितता तुमच्या वाट्याला का आली, याचं कारण लॅबच्या फोनशी जोडलेलं आहे. जगातली जनुकांची मोठी भांडारं बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांतून भरली आहेत. तिथे न दिसणारा बदल आपल्या माणसात दिसला की तो ‘अनिश्चित’ ठरतो, कारण तो आपल्याकडे सर्रास असतो की दुर्मिळ, हे पाहायला पुरेशी माहितीच नसते. एआय याच भांडारांवर शिकतो, म्हणजे त्याचं अज्ञानही तेच. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १०,००० हून अधिक भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचले गेले आणि त्यांची माहिती फरीदाबादच्या सरकारी केंद्रात ठेवली आहे. चांगली सुरुवात आहे, पण आपली लोकसंख्या बघा. त्यामुळे “डेटा अजिबात देऊ नका” असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारख्या बायकांची माहिती कुठेच नसेल, तर तुमच्या भाचीच्या मुलीलाही हीच ‘अनिश्चित’ ओळ वाचावी लागेल.

पण होकार फोनवर देऊ नका. आधी ज्या फॉर्मवर यजमानांनी सह्या केल्या त्याची प्रत मागा. तुम्ही शुद्धीवर होतात, तुमचं डोकं ताळ्यावर होतं, एका हाताला सुई होती म्हणून दुसऱ्यानं तुमच्या जनुकांवर सही करायची? सलाइन संपेपर्यंत तो मुलगा अर्धा तास थांबू शकला असता. मराठीत सांगणारं माणूस आणता आलं असतं. याचा मला खरोखर राग आला आहे, आणि तुमच्या यजमानांचा नाही, त्यांना फॉर्म देणाऱ्याचा. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता घेतल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या. त्यावर कंपन्यांनी पैसा कमावला, आणि तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ मध्ये. बहात्तर वर्षांनी.

प्रत हातात आली की पाहा, तपासणीची संमती आणि संशोधनाची संमती वेगवेगळी आहे का. एकच सही असेल तर संशोधनापुरती ती मागे घेते असं लेखी कळवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हटलं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होते आहे, पण मागणी करायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. मग लॅबला लेखी विचारा: माझं नाव काढून माहिती ठेवणार का, ती दुसऱ्या कंपनीला विकणार का, या संशोधनाला कुठल्या नैतिकता समितीची मंजुरी आहे, उद्या माझ्या दुसऱ्या ओळीचा उलगडा झाला तर मला कळवणार का? एकदा मशीन तुमच्या माहितीवर शिकलं की शिकलेलं परत काढून घेणं फार अवघड असतं, म्हणून ही विचारपूस आधीच करायची. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२३ मध्येच आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत संमती, गोपनीयता आणि उत्तरदायित्व या गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. त्यांचा उल्लेख करा. उत्तरं सरळ आली तर सही करा, आणि ती स्वतः करा. टाळाटाळ झाली तर नाही म्हणा. नाही म्हटलं म्हणून तुमच्या उपचारात काही उणं पडता कामा नये.

विम्याचं थोडक्यात. अमेरिकेत २००८ पासून जनुकांवरून आरोग्य विम्यात आणि नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आनुवंशिक आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं भेदभावाचं ठरवलं, पण त्यावर विसंबून निर्धास्त होऊ नये. बहिणीनं आणि भाचीनं चाचणीआधी आपापल्या पॉलिसीचे कागद काढून समुपदेशकापुढे ठेवावेत. फॉर्मवर प्रश्न असेल तर खोटं मात्र लिहू नये, पुढे दावा त्यावरच अडकतो.

बहिणीला फोनवर सांगू नका. कोल्हापूर लांब नाही, एक दिवस काढून जा, लग्नाच्या खरेदीच्या गर्दीत नको. ती रडेल, कदाचित चिडेल, “आत्ताच का?” म्हणेल. बसून राहा. मग दोघी मिळून जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलला कॅन्सर जनुकशास्त्राचं क्लिनिक आहे. तुमचे डॉक्टर जवळचं सुचवू शकतील. तिथे पहिला कागद वंशावळीचाच निघेल. म्हणून कोल्हापूरला जायच्या आधी वडिलांकडच्या जुन्या माणसांना फोन करून आत्याबद्दल विचारून घ्या. गेली तेव्हा किती वर्षांची होती, कुठल्या दवाखान्यात नेलं होतं, पोटातलं पाणी काढलं होतं का, मुलं किती, आता कुठे असतात. तुमच्या पत्रात तिचं नावही नाही. तेही विचारा.